कोकराचा कान आणि रविवारचे मटण

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणे हा आमच्या घरातला गेल्या तीस वर्षांचा नेम आहे. पिशवीत स्टीलचा डबा, डोळ्यांवर अर्धी झोप, रांगेतल्या त्याच त्या चेहऱ्यांशी पावसापाण्याच्या गप्पा आणि नंबर आला की ठरलेले वाक्य, "मांडीचं द्या, थोड्या चापा घाला, कलेजी असली तर पावशेर." दुकानदार आता जवळजवळ घरचाच झाला आहे. माझ्या मुलांची लग्ने त्याने पाहिली, त्याच्या वडिलांच्या मयतीला मी गेलो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी नऊ वर्षांची नात माझ्याबरोबर आली होती. शाळेत त्या आठवड्यात 'आपले अन्न कोठून येते' असा काहीसा पाठ झाला होता. तिने आकड्याला लटकलेल्या धडाकडे न घाबरता पाहिले आणि विचारले, "काका, हा कुठून आला?"

"बाजारातनं, बेटा."

"कुठल्या बाजारातनं?"

"व्यापारी आणून देतो. कधी लोणंदचा माल असतो, कधी राजस्थानचा."

"आणि त्याच्या आधी कुठं होता?"

दुकानदार हसला, सुरी पोलादावर घासली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, हिला वकील करा." रांग हसली. मीही हसलो. पण घरी येताना लक्षात आले की तीस वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. भाव विचारला, कोवळे आहे का विचारले, बोकडाचेच आहे ना हेही विचारले. हे जनावर कोणाच्या दारात वाढले, काय खाल्ले, कोणते औषध टोचून घेतले आणि शेवटचा प्रवास त्याने कसा केला, याची चौकशी मी कधी केली नाही.

याच सुमारास इंग्लंडात राहणारी भाची महिनाभरासाठी आली होती. तिला नातीचा प्रश्न सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मामा, आमच्याकडं हे पाकिटावरच छापलेलं असतं." २०१५ सालापासून युरोपातल्या दुकानांत मेंढीच्या मांसाच्या पाकिटावर जनावर कोणत्या देशात वाढले आणि कोणत्या देशात कापले गेले हे लिहावेच लागते. शेजारी लंबगोल शिक्क्यात मांस हाताळणाऱ्या कारखान्याचा क्रमांक असतो. तिच्या फ्रीजमधले कोकराचे मांस पुष्कळदा न्यूझीलंडहून, म्हणजे अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेले असते. तरीही त्याचा माग काढता येतो. माझ्या डब्यातले मटण याच देशातून आलेले, पण त्याचा ठावठिकाणा बाजाराच्या दाराशीच संपतो. हे असे का, याचा शोध घेताना जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

अठ्ठ्याण्णव दिवसांचा प्रवास

गोष्ट सुरू होते १८८२ साली. न्यूझीलंडात तेव्हा माणसे थोडी आणि मेंढ्या अमाप. लोकर बोटीने इंग्लंडला जाई, पण मांसाला गिऱ्हाईक नाही. चरबी वितळवून विकायची आणि बाकीचे टाकून द्यायचे अशी अवस्था. अशा वेळी 'डुनेडिन' नावाच्या शिडाच्या जहाजात कोळशावर चालणारे थंडाईचे यंत्र बसवण्यात आले. पहिला प्रयत्न फसला. यंत्राचा दांडा मोडला आणि जहाजात भरलेला माल उतरवून तिथेच विकावा लागला. अखेर १५ फेब्रुवारी १८८२ रोजी सुमारे पाच हजार गोठवलेली धडे घेऊन जहाज पोर्ट चामर्स बंदरातून निघाले.

उष्ण कटिबंधात वारा पडला. थंड हवा कोठारात सारखी फिरेना. तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन स्वतः हवेच्या नळात सरपटत शिरला आणि जादा भोके पाडू लागला. थंडीने तो तिथेच बधिर झाला. खलाशांनी पायाला दोरी बांधून ओढून काढले म्हणून वाचला. यंत्राच्या ठिणग्यांनी शिडांना भोके पडत होती ती वेगळीच. अठ्ठ्याण्णव दिवसांनी जहाज लंडनला पोचले तेव्हा पाच हजारांपैकी एकच धड खराब म्हणून बाजूला काढावे लागले.

त्या दिवसापासून एका देशाचे नशीब कोकराच्या मांसावर उभे राहिले. आणि दूरच्या गिऱ्हाइकाच्या जिवावर जगणाऱ्याला जो धडा शिकावा लागतो, तो त्या देशाला पुढची शंभर वर्षे शिकावा लागला. गिऱ्हाईक समोर असते तेव्हा ते माल हातात घेऊन पाहते. दहा हजार मैलांवरचे गिऱ्हाईक फक्त आपल्या शब्दावर विश्वास ठेवते. तो शब्द एकदा खोटा ठरला की पुढचे जहाज कोणी उतरवून घेत नाही.

मवाळपणाचे शास्त्र

हा शब्द राखायचा म्हणजे काय काय करावे लागते, याची दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्याला न्यूझीलंडच्या कोकराविषयी तक्रार येऊ लागली, की मांस कोवळे असूनही चामट लागते. तिथल्या मांस संशोधन संस्थेतील लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये याचे कारण दाखवून दिले. जनावर कापल्यानंतर स्नायू काही तास एका अर्थाने जिवंतच असतात. त्या अवस्थेत ते घाईने फार थंड केले तर आखडून बसतात आणि मग कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत. म्हणजे स्वच्छतेसाठी केलेली घाईच गुणाच्या मुळावर आली होती. मग धडे आधी ठरावीक तापमानात ठेवायची, पुढे विजेचा सौम्य प्रवाह देऊन स्नायूंतली शक्ती लवकर संपवायची, अशा पद्धती निघाल्या.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. घाबरलेले, उपाशी, दमलेले जनावर कापले तर त्याचे मांस काळपट, कोरडे आणि लवकर नासणारे होते. कारण सरळ आहे. स्नायूंत साठवलेल्या साखरेपासून मृत्यूनंतर आम्ल तयार होते आणि ते आम्लच मांसाला रंग, चव व टिकाऊपणा देते. धावपळीत आणि भीतीत ती साखर आधीच जळून गेली असेल, तर आम्ल यायचे कुठून? कोकराला मारझोड न करता, पाणी पाजून, विसावा देऊन नेणे ही भूतदया तर आहेच, पण तो धंद्याचा हिशेबही आहे. जनावराला दिलेला त्रास ताटात उतरतो, हे आपल्या आज्या सांगत नव्हत्या, पण प्रयोगशाळेने सांगितले.

आता माग ठेवण्याविषयी. माझी समजूत अशी होती की न्यूझीलंडात प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला आणि बिल्ल्यात यंत्र असणार. तसे नाही. तिथे गाईगुरांना आणि हरणांना तशी सक्ती आहे, मेंढ्यांना नाही. मेंढ्यांचा हिशेब कळपावर चालतो. कळप एका शेतावरून दुसरीकडे किंवा कत्तलखान्यात निघाला, की मालकाला एक फॉर्म भरून सही करून द्यावा लागतो. जनावरे कुठली, त्यांना कोणते औषध कधी दिले, औषध दिल्यापासून कापण्यापर्यंत जे दिवस सोडायचे ते सोडले की नाही, असे साधे प्रश्न त्यात असतात. कत्तलखान्यात सरकारी तपासणी होते, जनावर जिवंत असताना एकदा आणि कापल्यावर पुन्हा एकदा. कुठे औषधाचा अंश सापडला तर कागद उलटे वाचत जायचे आणि त्या कुंपणापाशी पोचायचे. खोटी सही करणाऱ्याला शिक्षा आहे.

आणखी एक गोष्ट. तिथे कापण्यापूर्वी जनावराला विजेच्या झटक्याने बेशुद्ध करणे बंधनकारक आहे, आणि तरीही तिथली बहुतेक मेंढरे हलाल पद्धतीनेच कापली जातात. झटका इतकाच बेताचा देतात की मान कापली नाही तर जनावर थोड्या वेळाने पुन्हा उठून उभे राहील. ते जिवंत आहे याची मुसलमान गिऱ्हाइकाला खात्री, आणि त्याला वेदना नाही याची इंग्रज गिऱ्हाइकाला खात्री. दोन्ही बाजूंची माणसे टेबलावर बसली तर वाट निघते, एवढेच यावरून घ्यायचे.

विसरलेल्या वाटांची किंमत

हे सारे नियम सदिच्छेतून आले असे मात्र कोणी समजू नये. बहुतेक नियम ठेच लागल्यावर आले आहेत.

सर्वांत मोठी ठेच इंग्लंडला २००१ मध्ये लागली. फेब्रुवारीत तिथे लाळ-खुरकुताचा रोग उघडकीस आला. तो उत्तरेतल्या एका डुकरांच्या गोठ्यातून शेजारच्या मेंढ्यांत गेला होता. मेंढीत या रोगाची लक्षणे इतकी पुसट असतात की मालकालाही पत्ता लागत नाही. त्या मेंढ्या हेक्सहॅमच्या बाजारात विकल्या गेल्या, तिथून लाँगटाऊनच्या मोठ्या बाजारात गेल्या आणि तिथून व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून देशभर पांगल्या. रोग जाहीर होण्याआधीच हे घडून गेले होते. कोणती मेंढी कुठे गेली हे सांगणारी चोख वही नव्हती. परिणामी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांतली पुष्कळशी निरोगी होती, केवळ संशयाने मारली गेली. कुरणांत प्रेतांचे ढीग पेटलेले जगाने पाहिले. सार्वत्रिक निवडणूकही महिनाभर पुढे गेली. त्यानंतर युरोपने मेंढ्यांची एकेक नोंद ठेवायचे ठरवले आणि २०१० पासून कानातल्या बिल्ल्यात इलेक्ट्रॉनिक खूण आली. ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या जानेवारीपासून नव्या कोकरांना तशीच सक्ती केली.

दुसरी ठेच समुद्रावरची. ऑगस्ट २००३ मध्ये 'कॉर्मो एक्स्प्रेस' नावाचे जहाज सुमारे ५८ हजार जिवंत मेंढ्या घेऊन ऑस्ट्रेलियाहून सौदी अरेबियाला निघाले. तिथे पोचल्यावर मेंढ्यांच्या तोंडावर रोगाचे फोड आहेत असे सांगून माल नाकारण्यात आला. ऑस्ट्रेलिया म्हणे रोग नाही, सौदी म्हणे आहे. मग ते जहाज आखाती उन्हात दारोदार फिरत राहिले. कोणी घेईना. अखेर ऑक्टोबरअखेरीस आफ्रिकेतल्या एरिट्रिया या देशाने त्या मेंढ्या फुकट घेतल्या. तोवर साडेपाच हजारांहून जास्त मेंढ्या जहाजावरच मेल्या होत्या. त्याच वर्षी न्यूझीलंडने कापण्यासाठी जिवंत मेंढ्या बाहेर धाडणे थांबवले. ऑस्ट्रेलियाने बरीच वर्षे वाट पाहिली. २०१७ मध्ये आणखी एका जहाजावर उकाड्याने सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या, त्याची चित्रफीत पुढच्या वर्षी लोकांनी पाहिली, तेव्हा कुठे हवा बदलली. २०२४ मध्ये तिथे कायदा झाला आणि मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणे बंद व्हायचे आहे.

यात मला महत्त्वाचे वाटते ते असे. गोठवलेले धड नाकारले गेले तर पैसा बुडतो. जिवंत जनावर नाकारले गेले तर त्याला परतीची वाटही नसते.

धनगराची वही

आता आपल्या दाराशी येऊ. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात ७ कोटी ४२ लाखांवर मेंढ्या आहेत आणि १४ कोटी ८८ लाख शेळ्या. न्यूझीलंडात १९८२ साली ७ कोटी मेंढ्या होत्या, आता त्या अडीच कोटींच्याही आत आल्या आहेत. म्हणजे मेंढ्यांच्या संख्येत आपण त्यांच्या कितीतरी पुढे आहोत. आपले शेळी-मेंढीचे मांस आखातात जाते, पण युरोपच्या दारात त्याला जागा नाही. लाळ-खुरकूत आणि पीपीआर हे रोग आपल्याकडून अजून गेलेले नाहीत हे त्याचे मोठे कारण.

माझे गाव पुरंदर तालुक्यातले. दिवाळी झाली की फलटण-माणकडचे धनगर मेंढरे घेऊन घाटाकडे, पुढे कोकणात उतरायला निघत. वाटेत आमच्या रानात त्यांचा वाडा दोन-तीन रात्री बसे. खतासाठी वडील त्यांना ज्वारी-बाजरी देत. संध्याकाळी वाघर लावायचे, कोकरे आत घ्यायची, आणि मग रात्रभर त्या रानातून बें-बें ऐकू यायचे. वाड्यात एक म्हातारबा होते. मी शाळकरी पोर. एकदा मी त्यांना विचारले, "म्हातारबा, एवढी मेंढरं सारखीच दिसत्यात. तुमची कुठली आन् दुसऱ्याची कुठली, कसं कळतं?" ते म्हणाले, "दादा, तुझ्या वर्गातली पोरं तुला सारखी दिसत्यात का रं?" आणि मग एकेकीवर काठी रोखून सांगू लागले. ही अमक्या पाटीची लेक, गेल्या साली घाटात झाली. हिची आई लांडग्यानं नेली. हिचं दूध कमी, हिच्या कोकराला दुसरीला लावलंय. प्रत्येकीच्या कानाला वाड्याचा ठरलेला काप होता.

आज मला वाटते, माग ठेवण्याची यापेक्षा चोख पद्धत न्यूझीलंडकडेही नसेल. फक्त ती वही कागदावर नव्हती, म्हाताऱ्याच्या डोक्यात होती. आणि ज्या दिवशी कोकरू बाजारात गेले त्या दिवशी ती वही मिटली. व्यापारी पाठीवर हात फिरवतो, कंबर चाचपतो, उचलून अंदाज घेतो आणि भाव सांगतो. काटा नाही, कागद नाही. त्या कोकराला लस टोचली होती का, जंताचे औषध कधी पाजले, हे कोणी विचारत नाही. विचारत नाही म्हणून त्याची किंमतही कोणी देत नाही. चार दिवसांपूर्वी औषध टोचलेले आणि सहा महिने निव्वळ रानातला पाला खाल्लेले, ही दोन्ही कोकरे एकाच गाडीत, एकाच भावाने चढतात.

धनगराला माहितीची किंमत कळत नाही असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडची माडग्याळ जात प्रसिद्ध आहे. २०२० मध्ये आटपाडीकडच्या अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. तो पैसा मांसाचा नव्हता. त्याच्या रक्ताचा होता, त्याची पैदास कशी निघते हे ठाऊक असण्याचा होता. जातिवंत एडक्याची वंशावळ तोंडपाठ असलेला माणूस कापायच्या कोकराची नोंद ठेवणार नाही, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे. त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, एवढाच काय तो फरक.

द्राक्षांनी दिलेला धडा

हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा दाखवीन. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि माल अडकला. बागायतदार हवालदिल झाले. पण त्या धक्क्यातून 'ग्रेपनेट' उभे राहिले. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंतचा माग. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने तपासणीची बाजू सांभाळली. दोन-चार एकरांचा बागायतदार आज फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हे बोटांवर सांगतो. हे त्याला कोणी दंडुक्याने शिकवले नाही. चांगल्या मालाला चांगला भाव मिळाला म्हणून तो शिकला.

पण या यशाची एक बोचरी बाजू आहे. जी बाग परदेशासाठी नोंदली तिच्या घडांची तपासणी होते. शेजारच्या बागेतला जो घड आपल्या मंडईत येतो, त्याला कोण विचारतो? लंडनच्या पोराच्या तोंडात जाणारे द्राक्ष तपासलेले आणि आपल्या नातवाच्या तोंडात जाणारे देवाच्या भरवशावर, ही व्यवस्था आपण मुकाट्याने मान्य केली आहे. मटणाच्या बाबतीतही आपण तिकडेच चाललो आहोत. परदेशी पाठवायच्या मांसासाठी नोंदणी केलेले कत्तलखाने, तपासणी, प्रमाणपत्रे. गावच्या दुकानात मात्र, नशीब असेल तर, धडावर म्युनिसिपालिटीचा निळा शिक्का.

दोन्ही बाजूंनी सोडलेला प्रश्न

जून २०१८ च्या अखेरीस नागपूरच्या विमानतळावरून जिवंत शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला पाठवायचे ठरले होते. धनगरांना चांगला भाव मिळेल असे एक बाजू सांगत होती. मुक्या जिवांना असे पाठवणे पाप आहे असे दुसरी बाजू म्हणत होती. विरोध वाढला आणि ते उड्डाण रद्द झाले. नाशिकजवळच्या ओझरहून अशी विमाने गेलेलीही आहेत.

त्या वादात दोन्ही बाजूंची कळकळ मला खरी वाटली. पण एक प्रश्न दोघांनीही सोडून दिला. विमानातल्या चार तासांची इतकी चर्चा झाली. राजस्थानातून किंवा मराठवाड्यातून मुंबईच्या देवनारपर्यंत ट्रकमध्ये दाटीवाटीने उभ्याने होणाऱ्या प्रवासाचे काय? जनावरांच्या वाहतुकीचे नियम आपल्याकडे १९७८ पासून आहेत. जागा किती हवी, पाणी, चारा, प्रथमोपचार, सगळे त्यात लिहिलेले आहे. हमरस्त्यावर रात्री ज्यांनी असा ट्रक पाहिला आहे, त्यांना त्या नियमांचे काय होते हे सांगायला नको. जो देश आपल्या रस्त्यावरच्या जनावराला पाणी पाजत नाही, त्याने विमानातल्या जनावरासाठी अश्रू ढाळावेत किंवा त्याच विमानाच्या जोरावर धनगराचे भले करण्याची घोषणा करावी, दोन्ही मला सारखेच अपुरे वाटते.

माझे मत स्पष्ट सांगतो. बाहेर पाठवायचेच असेल तर मांस पाठवावे, जिवंत जनावर नव्हे. त्यात जनावराचे हाल कमी आहेत आणि चामडे, लोकर, कापण्या-बांधण्याची मजुरी हे सगळे इथेच राहते. पण मांस पाठवायला वही लागते, आणि ती वही परदेशासाठी वेगळी आणि घरासाठी वेगळी असू नये.

ती वही कशी असावी याचे उत्तर धनगराच्या वाड्यातच आहे. सरकारने जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ले मारायला सुरुवात केली आहे. महाराष्ट्रात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करू नये असा नियमही झाला. चांगले आहे. पण बिल्ला म्हणजे केवळ नंबर. त्या नंबरासमोर लस, औषध आणि चाऱ्याची खरी नोंद नसेल, तर तो कानातला दागिनाच. न्यूझीलंडने बिल्ल्याविना, कळपाच्या फॉर्मवर काम भागवले. आपला वाडा हाही एक कळपच आहे. दोन-तीनशे मेंढरे, एकच चराई, एकाच दिवशी लस, एकाच दिवशी जंताचे औषध. वाड्यामागे एक वही ठेवली आणि कोकरे विकताना तिचे पान सोबत दिले, तर निम्मे काम होते. लिहिण्याचे काम वाड्यातली शाळा शिकलेली मुलगी करील. वाड्यांतून आता तशा मुली आहेत.

दुसरे, बाजारात काटा हवा. अंदाजाने होणाऱ्या सौद्यात अंदाज नेहमी व्यापाऱ्याचाच बरोबर येतो. तिसरे, बाजार आणि कत्तलखाना यांच्यामध्ये सावली, पाणी आणि विसाव्याची जागा हवी. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, एक हौद आणि एक छप्पर लागते.

मला येणारी शंकाही सांगून टाकतो. नियम आले की आधी लहान माणूस चिरडला जातो. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याची शेकडो हेक्टरांची स्वतःची कुरणे आहेत. आपल्या धनगराला चरायला जागा नाही. वनखाते हाकलते, बागायतदार दगड मारतो, रस्त्यावर गाडी कळपात घुसते. अशा माणसाच्या हातात फॉर्म देऊन "भर, नाहीतर तुझा माल नको" म्हटले, तर उद्या कोकरे त्याच्या हातून जातील आणि पत्र्याच्या शेडमधल्या भांडवलदाराकडे येतील. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चराईची हमी, दारात येणारी लस, मग वही. आणि वही असलेल्या कोकराला किलोमागे चार पैसे जास्त. हे चार पैसे कोणी द्यायचे? आखातातल्या शेखाने द्यावेत, युरोपातल्या मडमेने द्यावेत, असे आपण म्हणतो. माझ्या मते पहिले चार पैसे आपण द्यायला हवेत, रविवारी रांगेत उभे राहणाऱ्यांनी. आपण मागितल्याशिवाय दुकानदार व्यापाऱ्याला विचारणार नाही, व्यापारी धनगराला विचारणार नाही आणि म्हातारबांच्या डोक्यातली वही कधी कागदावर उतरणार नाही.

मागच्या रविवारी मी रांगेत उभा होतो. नात बरोबर नव्हती. नंबर आला तसे मी म्हटले, "मांडीचं द्या. आणि हा कुठून आला तेवढं सांगा." दुकानदाराने सुरी खाली ठेवली. "साहेब, तुम्हीपण?" मग थोडा थांबून म्हणाला, "व्यापाऱ्याला विचारलं होतं मी, खरं सांगतो. तुमच्या नातीनं विचारल्यावर. तो म्हणाला, तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, तुलाच काय झालं?"

मागे उभ्या असलेल्या बाई पुढे सरकल्या. म्हणाल्या, "मग आता आम्ही विचारतोय म्हणून सांगा त्याला."